जुनी फियाट आणि ‘ओरिजनल’ पार्ट: काय ठेवायचं, काय बदलायचं?



मागे मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत एका मित्राने विचारलं, “काय रे, तुझ्या त्या फियाटचं काय झालं? चार पैसे घालून सगळं नवीन करून टाक ना एकदाचं!” मी म्हटलं, “करतोय,” आणि पुढचा अर्धा तास ‘सगळं नवीन’ का करायचं नाही हे त्याला सांगत बसलो. त्याचा चहा थंड झाला. तेव्हा कार्यकारिणीतल्या एका काकांनी सुचवलं की हे सगळं लिहूनच दे, म्हणजे निदान आमचा चहा तरी वाचेल. म्हणून हा लेख.

तसं पाहिलं तर हा विषय फक्त माझा नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी शेडमध्ये एखादी फियाट, अॅम्बॅसेडर, जावा किंवा लॅम्ब्रेटा धूळ खात उभी आहे. सुट्टीला गेलो की आपण तिच्या टपावरून हात फिरवतो आणि “एकदा हिचं काहीतरी करायला पाहिजे” म्हणून परत विमानात बसतो. मग कधीतरी ते ‘काहीतरी’ करायची वेळ येते. मिस्त्रीचा फोन येतो, “साहेब, जुना पार्ट ठेवू का नवीन टाकू?” दोहात बसून, कामाच्या मधल्या वेळेत, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. मी ते एकदा चुकीचं दिलं आहे.

आमची गाडी १९७१ ची फियाट ११०० डिलाइट. आजोबांनी नवी घेतलेली, मिरजेच्या घरी. तेव्हा गाडी म्हणजे नंबर लावून वाट बघायची गोष्ट. ती आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, असं बाबा सांगतात. २००९ पासून ती शेडमध्ये उभी होती. बाबांनी निवृत्तीनंतर तिला परत चालती करायचं मनावर घेतलं आणि खर्चाची जबाबदारी अर्थातच कतारवाल्यावर आली. (तक्रार नाही!)

आधी थोडा इतिहास, कारण पुढच्या गोष्टी त्याच्याशिवाय समजणार नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या समूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इटलीच्या फियाटच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. त्यातली गोलमटोल ११०० म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. १९६४ साली ११०० डी आली, तिलाच आपल्याकडे डिलाइट म्हणतात. पुढे फियाटचं नाव गेलं. काही काळ तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा इंजिनियर, म्हणजे ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो त्यांच्याच कारखान्याची गाडी घरात! पण कॉलेजात असताना हे कधी डोक्यात आलं नाही, तेव्हा लक्ष सगळं कॉम्प्युटरकडे.

आता माझी चूक. काम सुरू झालं तेव्हा मी मिस्त्रींना फोनवर सांगितलं, “जे जे खराब असेल ते काढा आणि नवीन टाका.” आयटीवाल्याची खोड! मशीन बिघडलं की फॉरमॅट मारायचं आणि सगळं नव्याने टाकायचं. पंधरा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर डॅशबोर्डचा फोटो आला. एकदम चकाचक, मध्ये नवंकोरं लोकल मीटर, आकडा शून्य. मी “वा!” असं लिहून पाठवलं सुद्धा. संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाकी सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, “जुनं मीटर कुठं ठेवलंय रे त्यांनी?”

जुनं मीटर भंगारात गेलं होतं. काटा थरथरत होता, काच पिवळी पडली होती, मिस्त्रींच्या दृष्टीने ते खराबच होतं आणि मीच तसं सांगितलं होतं. पण आजोबांची एक वही आहे. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायर, प्रत्येक लांबचा प्रवास, त्यापुढे तारीख आणि मीटरचा आकडा. आमच्या मीटरला पाचच आकडे, म्हणून एक लाख पूर्ण झाल्यावर आजोबांनी लाल पेनने ‘दुसरी फेरी’ असं लिहिलं आहे. वहीतली शेवटची नोंद आणि मीटरवरचा आकडा एकमेकांना जुळत होते. आता वही आहे, मीटर नाही. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं.

आमच्या धंद्यात चालू सिस्टिमला कोणी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावत नाही. हा नियम मी रोज पाळतो आणि घरच्या गाडीला मात्र विसरलो! त्या दिवशी मिस्त्रींना दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाडीतून निघालेला स्क्रूसुद्धा फेकायचा नाही. पिशवीत घालायचा, चिठ्ठी लावायची, पेटीत ठेवायचा. दुसरं, काहीही बदलण्याआधी त्याचा फोटो. मग मी वाचायला बसलो.

पहिला गोंधळ ‘ओरिजनल’ या शब्दाचाच आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कोणत्याही दुकानात विचारा, सगळे पार्ट ओरिजनलच असतात! प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. तुमच्याच गाडीवर कारखान्यात बसवलेला पार्ट, हा खरा मूळ. दुसरा, त्याच काळात कंपनीने बनवलेला पण दुसऱ्या गाडीवरून काढलेला, किंवा एखाद्या दुकानाच्या माळ्यावर खोक्यात तसाच पडून राहिलेला पार्ट. आणि तिसरा, नंतर कोणीतरी त्याच मापाने बनवलेला, म्हणजे ज्याला आपण लोकल म्हणतो. तिन्ही बसतात, तिन्ही चालतात, पण किंमत आणि अर्थ वेगळे.

त्यात आपल्या फियाटची आणखी एक गंमत आहे. सुरुवातीला बरेच भाग इटलीहून यायचे, मग एकेक करून ते भारतात बनू लागले, आणि पुढे तीसेक वर्षं गाडीचा सांगाडा तोच राहून जाळी, दिवे, आतली सजावट बदलत गेली. त्यामुळे १९९० च्या पद्मिनीचा पार्ट ‘कंपनीचा’ असला तरी १९७१ च्या डिलाइटला तो मूळ नव्हे. आमच्या गाडीवर मधल्या काळात कधीतरी पद्मिनीचा मागचा दिवा बसला होता आणि घरात कोणाच्या ते लक्षातही नव्हतं. जुन्या अल्बममधल्या माझ्या आत्याच्या लग्नाच्या फोटोमुळे कळलं. गाडीचे जुने फोटो काढून ठेवा मंडळी, मिस्त्रीला त्याच्याइतकी मदत कशाची होत नाही.

आता कायदा, कारण ‘मूळ’ हा फक्त हौसेचा शब्द राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी त्यात बसते. पण अट अशी की ती मूळ स्वरूपात जपलेली हवी, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास मालिका मिळते, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. मात्र अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

म्हणजे बघा, दोन वाटा झाल्या. गाडी विंटेज म्हणून नोंदवायची तर इंजिन-बॉडीला फार हात लावायचा नाही आणि रोज फिरवायची नाही. साध्या नोंदणीवर ठेवायची तर फिटनेस आणि कर भरत राहायचं, पण बाबा नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाऊ शकतात. आणि साध्या नोंदणीवरही वाटेल ते करता येत नाही बरं का! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. “काही होत नाही साहेब, कोण बघतंय” असं म्हणणारे भेटतात. पण अपघात झाला की विम्याचा माणूस सगळ्यात आधी तेच बघतो.

आम्ही साधी नोंदणी ठेवली. मात्र काम असं करायचं ठरवलं की उद्या विंटेजमध्ये टाकायची झाली तर अडू नये.

आपल्या इथे दुखान रोडला शेख फैसल बिन कासिम अल थानी म्युझियम आहे. १९९८ पासून चालू आहे, किल्ल्यासारखी इमारत, मुलांना घेऊन आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. तिथल्या जुन्या गाड्यांच्या दालनात मी या कामानंतर परत गेलो तेव्हा वेगळ्या नजरेने पाहिलं. तिथली गाडी उभी राहण्यासाठी आहे. तिचं ब्रेकचं रबर कडक झालं तरी कोणाचा जीव जात नाही, म्हणून तिथे जितकं जुनं तितकं चांगलं. याउलट इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये जुनी लँड क्रूझर वाळूत पळवण्यासाठी तयार करतात, तिथे बाहेरचा पत्रा जुना आणि आत सगळं नवं, कधी इंजिनसुद्धा दुसऱ्याच कंपनीचं. दोन्ही लोक आपापल्या जागी बरोबर आहेत. आमची गाडी या दोघांच्या मध्ये कुठेतरी. सत्तरीला आलेला माणूस ती महिन्यातून दोन-तीनदा चालवणार, मागे नातवंडं बसणार, आणि तरीही ती आजोबांचीच गाडी राहायला हवी.

जगात यावर विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ पासून आहे. त्यांनी २०१२ मध्ये ‘ट्यूरिन चार्टर’ नावाचा मसुदा मंजूर केला. जुन्या इमारतींसाठी १९६४ मध्ये जो व्हेनिस चार्टर झाला, त्याच धर्तीवर. त्याचा मथितार्थ माझ्या भाषेत सांगायचा तर, आधी आहे ते टिकवा, मग दुरुस्त करा, बदलणं सगळ्यात शेवटी. जे बदलाल त्याची लेखी नोंद ठेवा. आणि सुरक्षेसाठी नवं काही बसवलंत तर ते मूळ रचनेला धक्का न लावता, नजरेत न भरेल असं बसवा. आपल्याला हे नवीन नाही. देवळातली मूर्ती झिजायला लागली तर कोणी लगेच दुसरी आणून बसवत नाही, वज्रलेप करतात.

आणि एक कोर्टाची गोष्ट. बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची रेसची गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मां ची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात सतत बदल होत गेले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला अपघात झाला, परत बांधली गेली. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, तेव्हा घेणारा म्हणाला, हिच्यात १९२९ चं काही उरलेलंच नाही, ही ती गाडी नव्हे. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. न्यायाधीशांनी निकाल दिला की सुरुवातीचे भाग फारच थोडे उरले असले तरी गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही, म्हणून ही ‘ओल्ड नंबर वन’च. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आमच्या वहीची किंमत कळली. आणि मीटरचीही.

असो. आता प्रत्यक्ष गाडीकडे येऊ.

सगळ्यात मोठा वाद झाला तो इंजिनाचा. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. आमचं इंजिन उघडलं तर सिलिंडर इतके झिजलेले की बोअर करून मोठे पिस्टन टाकायची शेवटची पायरी आधीच होऊन गेली होती. मिस्त्री म्हणाले, “साहेब, मुंबईहून रेडी इंजिन मागवू. पद्मिनीचं आहे, चालू आहे, आठवड्यात गाडी रस्त्यावर.” खर्चही कमी. बाबासुद्धा अर्धे तयार झाले होते, कारण त्यांना गाडी चालवायची घाई. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तर मारुतीचं इंजिन, खाली गिअर आणि एसी असं पूर्ण पॅकेजच सांगितलं.

मी अडून बसलो ते एका कारणासाठी. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह हे सगळे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत, आजोबांनीही ते बदलले होते, वहीत आहे. पण ब्लॉक गेला की आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर यांची फारकत झाली. एकदा झाली की ती कधीच जुळत नाही, कितीही पैसे टाका. आणि बिडाचा ब्लॉक बोअरमध्ये संपला म्हणून मरत नाही. सिलिंडर आणखी थोडे मोठे करून त्यात नव्या स्लीव्ह घट्ट बसवायच्या आणि त्या परत मूळ ६८ च्या मापाला बोअर करायच्या. पुढच्या पन्नास वर्षांची सोय! मात्र हे काम चांगल्या इंजिनियरिंग वर्कशॉपमध्येच करायला हवं. स्लीव्ह सैल बसली तर खाली सरकते, जास्त घट्ट बसवली तर ब्लॉकला तडा जातो. आमचं काम कोल्हापुरात झालं, अडीच महिने लागले आणि रेडी इंजिनापेक्षा बराच जास्त खर्च आला. बाबा रोज फोनवर विचारायचे, “झालं का?” पण नंबर शाबूत आहे.

हेडचं काम करताना व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या टाकून घेतल्या. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा व्हॉल्व्हला एक प्रकारे लेप मिळायचा. भारतात २००० सालापासून शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. हा बदल आत आहे, दिसत नाही, आणि मूळपणाला त्याने काही बाधा येत नाही असं माझं मत.

पेट्रोलचंच दुसरं प्रकरण जास्त गंभीर आहे आणि गावी जुनी गाडी किंवा स्कूटर असलेल्या प्रत्येकाने ते वाचावं. भारतात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतली ओल शोषून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत खाली पाणी साठून गंज धरतो. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनावर चालणारा, आत पडदा असतो. तो पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा इथे भावनेला जागा नाही. पंपाचं बाहेरचं कवच आमचं जुनंच आहे, पण पडदा, सगळे पेट्रोलचे पाइप आणि कार्ब्युरेटरची सगळी वायसरं इथेनॉलला टिकणारी, नवी. मिस्त्री इलेक्ट्रिक पंप बसवू म्हणत होते. बाबांनीच नको म्हटलं. लहानपणी आंबा घाटात गाडी तापून बंद पडली की आजोबा पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि सगळे खाली उतरून भेळ खायचे. “ती भेळ इलेक्ट्रिक पंपात नाही,” हे बाबांचं वाक्य. यावर इंजिनियर काय बोलणार?

ब्रेकच्या बाबतीत मात्र बाबांचं काही ऐकलं नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढे डिस्क बसवून घ्या असं बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यासाठी पुढचा सगळा जोड बदलावा लागतो, म्हणून ड्रमच ठेवले. पण आतलं रबर, सिलिंडर, लायनर, होज पाइप सगळं नवं. जुन्या होजची एक वाईट खोड असते. बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो, त्यामुळे ब्रेक लागतो पण सुटत नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमधल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, आपण सांगायला हवं. बाकी, साठच्या वर गाडी न्यायची नाही असं बाबांकडून कबूल करून घेतलं आहे. तेवढ्या वेगाला नीट असलेले ड्रम पुरतात.

वायरिंगही पूर्ण नवं. पन्नास वर्षांच्या वायरीवरचं आवरण वाळून तुटतं आणि गाडी पेट घेते. रंग मात्र जुन्या वायरीप्रमाणेच घेतले, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला शोधता येईल. टायरचं तर आपल्याला कतारमध्ये सांगायलाच नको, इथे उन्हामुळे टायर घेताना आपण तारीख बघतोच. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या गाडीवरच्या टायरची नक्षी नवी होती, रबर मात्र दगड! बदलले.

सीट बेल्ट मूळ गाडीला नव्हते. मी बसवले. त्यासाठी बॉडीला भोकं पाडून आतून जाड पट्ट्या लावाव्या लागल्या. मूळपणाचे कडक भक्त यावर नाराज होतील याची कल्पना आहे. माझी मुलगी त्या गाडीत बसणार आहे, त्यामुळे चर्चा संपली.

आता पत्रा आणि रंग. इथे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात, कारण गाडी सुंदर दिसायला लागते आणि आत काय गेलं ते कळत नाही. दाराच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा सडलेला होता. मिस्त्रींकडे भंगारातल्या पद्मिनीचं चांगलं दार होतं. आम्ही आमचंच दार ठेवलं, खालचा चार इंच पत्रा कापून नवा जोडला. काम महाग, पण दाराची फट बॉडीशी जशी जुळते तशी दुसऱ्या दाराची कधीच जुळत नाही, आणि बंद करतानाचा तो ठप्प आवाज येत नाही. सडलेल्या पत्र्यावर नुसती लांबी भरून रंग मारणारे पुष्कळ आहेत. कोणी जुनी गाडी विकत घेत असेल तर खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीचा थर आहे असं समजा!

गाडीला बाहेरून आधीच दोनदा रंग दिलेला होता, त्यामुळे तिथे जपण्यासारखं काही नव्हतं. नवा दिला. पण डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुर्ल्याचा मूळ फिकट निळा रंग शिल्लक होता. थोडा ओरखडलेला, एका कोपऱ्यात उडालेला. पेंटर म्हणत होता, सगळं एकसारखं करू. ते झाकण आतून तसंच ठेवलं, आणि त्यावरूनच बाहेरच्या रंगाची मात्रा जुळवली. आता बाहेरचे लोक डिकी उघडली की म्हणतात, “अरे, इथे रंग द्यायचा राहिला वाटतं.”

बंपरसाठी बाजारात स्टीलचे तयार मिळतात, स्वस्त आणि चमकदार. जुने बंपर परत क्रोम करायला दिले आहेत. यात लक्षात ठेवायचं म्हणजे क्रोमच्या खाली आधी तांबं आणि मग निकेल चढवायला हवं. निकेलचा थर पातळ केला की पहिल्या पावसाळ्यातच पुरळ उठतो. भाव करताना क्रोमचा नाही, निकेलचा विचारा.

स्टिअरिंग व्हील बदललेलं नाही. उजव्या बाजूला ते एका जागी झिजून गुळगुळीत झालं आहे. आजोबांचा हात तिथे असायचा आणि आता बाबांचाही आपोआप तिथेच जातो.

पेटीत आता एकशे चाळीसच्या वर पिशव्या झाल्या आहेत. आई म्हणते, गाडीपेक्षा पेटीच मोठी होणार. प्रत्येक पिशवीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, आणि वहीत आजोबांच्या शेवटच्या नोंदीनंतर एक पान सोडून बाबांनी पुढचं लिहायला सुरुवात केली आहे. स्लीव्हची तारीख, ब्रेकचं सामान, कोल्हापूरच्या वर्कशॉपचं बिल चिकटवलेलं. माझी चूकही त्यात आहे: ‘जुने मीटर गेले. चि. ने सांगितल्यावरून.’ कोर्टात न्यायची वेळ आली तर पुरावा तयार!

मीटरचा शोध मात्र चालू आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले, एक मिळालं ते पद्मिनीचं निघालं, दुसऱ्याची आतली चाकं गेलेली. ११०० डिलाइटचं, १९६४ ते १९७२ मधलं, चालू किंवा बंद कसंही मीटर कोणाच्या गावच्या घरी, माळ्यावर, काकांच्या गॅरेजात पडलेलं असेल तर कृपया कळवा. पुढच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी चहाच्या रांगेतच सापडेन. मिळालं तर त्यावर वहीतला आकडा फिरवून लावावा असं माझ्या मनात होतं. बाबा नको म्हणाले. जो आकडा असेल तो राहू दे, तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा आहे, वहीत ‘मीटर बदलले’ असं लिहून तिथून पुढे मोजू, असं त्यांचं म्हणणं आहे.